पत्रकाची मागची बाजू

मावशी,

तुमच्या निधनाची सूचना कॉलेजच्या फळ्यावर लागली ती नेमकी सहाय्य निधीच्या रिन्यूअलच्या यादीवर. दुसरीकडे जागा नव्हती, असं शिपाई म्हणाला. वरच्या बाजूला दोन टाचण्या, खालची बाजू मोकळी. त्यामुळे दिवसभर मुली येतात, तुमची सूचना एका बोटाने वर उचलतात, खालच्या यादीत आपलं नाव शोधतात आणि सूचना सोडून देतात. ज्यांचं नाव असतं त्या लगेच जातात. ज्यांचं नसतं त्या पुन्हा एकदा उचलून बघतात.

तुम्ही असता तर म्हणाला असतात, बघू दे की त्यांना, यादी आधी.

सूचनेत तीन ओळी आहेत. कर्तव्यनिष्ठ, मृदुभाषी, नियमांचे काटेकोर पालन करणाऱ्या. मृदुभाषी वाचून मला हसू आलं. नियमांचं वाचून तिथे उभं राहवेना. ज्या कार्यालयाने हे लिहिलं त्याच कार्यालयाने गेल्या वर्षी तुम्हाला बरोबर उलट मजकुराचं पत्र दिलं होतं हे मला आता कळलं आहे, आणि ते पत्र माझ्यामुळे आलं होतं. शोकसभेत दोन शब्द बोलायला मला सांगितलं होतं. मी, जिला गेटवर दोन तास बोलायला माइक लागत नाही, ती मागच्या रांगेत बसून राहिले. तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही हे मला माहीत आहे. आत्मा वगैरेंवर माझा विश्वास नाही, आणि तो आज ठेवावा अशी सोय मी स्वतःला देणार नाही.

आपली पहिली भेट भांडणानेच झाली. मी दुसऱ्या वर्षाला होते आणि रोशनीला घेऊन शिष्यवृत्ती विभागात तुमच्या खिडकीशी आले होते. रोशनी माझ्या वर्गातली, पानिपतची. तिचे वडील तिथे जुन्या कपड्यांच्या गोदामात काम करत. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे कोट आणि स्वेटर रंगांप्रमाणे वेगळे करायचे. मग त्यांचं सूत होतं, त्या सुताची ब्लँकेटं होतात. तिची फी आणि हॉस्टेल कॉलेजच्या सहाय्य निधीवर चालत होतं, आणि हा निधी दर वर्षी नव्याने मिळवावा लागे. सगळे विषय पास, पन्नास टक्के गुण, पंचाहत्तर टक्के हजेरी. फॉर्मवर या तिन्हींना मिळून एक गोड नाव होतं: समाधानकारक प्रगती. रोशनी संख्याशास्त्रात नापास झाली होती. बारावीपर्यंत हिंदीतून शिकलेली मुलगी आणि इंग्रजीतला पेपर. प्रश्न समजेपर्यंत तिचा अर्धा वेळ संपला होता.

मी खिडकीशी सुरुवातच वरच्या पट्टीत केली. समाधान कोणाचं, असं विचारलं. फी भरणारी मुलगी नापास झाली तर ती फक्त नापास होते, मदत घेणारी नापास झाली तर ती अपात्र ठरते, हा कुठला न्याय, असंही विचारलं. हे सगळं दिल्लीच्या सवयीने हिंदीत. मागची रांग ऐकत होती आणि मला ते आवडत होतं. तुम्ही मान खाली घालून शिक्के मारत राहिलात. तेवढ्यात आईचा फोन आला, मी मराठीत "नंतर करते गं" म्हणाले, आणि तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत.

"मराठी आहेस होय? मग हिंदीत कशाला ओरडत होतीस? मराठीत ओरडली असतीस तर कानाला तरी बरं वाटलं असतं."

मग रोशनीचा फॉर्म ओढून घेतलात, गावाचं नाव वाचलंत आणि तोंड अगदी गंभीर करून तिला म्हणालात, "पानीपत? तुम्हारे गाँव से हमारा पुराना झगड़ा है, बेटा."

रोशनीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, गावामुळेही अर्ज नाकारतात. मी हसले, तुम्ही हसलात, आणि तिला समजावून सांगताना माझा सगळा राग पातळ झाला. तुम्ही तो मुद्दाम तसा केला होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

खणातून तुम्ही एक कागद काढलात, घडी घालून त्याचे चार तुकडे केलेत आणि एका चतकोरावर हिंदीत लिहिलंत: खिडकी पाच, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म, आजच, पावतीची झेरॉक्स मला. रोशनीच्या हातात तो देऊन मला म्हणालात, "तू हिला घेऊन जा. क्रांती दुपारी कर, दुपारी ऑफिस मोकळं असतं."

जिन्यात मी तो चतकोर उलटून पाहिला. मागे आमच्या विद्यार्थी संघटनेचंच पत्रक होतं. 'शिक्षण ही भीक नाही' एवढंच राहिलं होतं, बाकीचं वाक्य दुसऱ्या चतकोरावर गेलेलं.

नंतर विचारलं तेव्हा तुम्ही खण उघडून दाखवलात. आम्ही गेटवर वाटलेली, लोकांनी पायरीवर टाकलेली पत्रकं शिपायाकडून गोळा करून तुम्ही तिथे नीट रचून ठेवली होती. वर्षानुवर्षांच्या आंदोलनांचा एवढा व्यवस्थित साठा आमच्या संघटनेकडेही नव्हता. "एकाच बाजूला छापता ना तुम्ही," तुम्ही म्हणालात, "फार सोय होते. पुढची बाजू तुमची, मागची माझी."

माझं घर असल्या कागदांनीच भरलेलं होतं, मावशी. बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात आणि ऑफिसापेक्षा जास्त युनियनमध्ये. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली पांघरुणांऐवजी पत्रकांचे गठ्ठे असत. इतर मुलं कागदाची होडी करायला शिकली, मी पत्रकाची तिघडी घालायला शिकले. निवेदन, निषेध, बडतर्फ हे शब्द मला लहानपणीच येत होते. बाबांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती, किंवा मला वाटत होतं की शिकवली होती: जे खरं आहे ते छापायचं, आणि जे छापलं ते मागे घ्यायचं नाही.

तुमची पद्धत समजायला मला महिना लागला. रिव्हॅल्युएशनचा निकाल यायला कित्येक महिने जातात. तोवर मुलीचा निकाल अंतिम नसतो. अंतिम नाही तर तिला नापास म्हणता येत नाही, आणि नापास म्हणता येत नाही तर निधी थांबवायचा कशाच्या आधारावर? तुम्ही रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात 'रिझल्ट अवेटेड' असं लिहून ठेवायचात. रिव्हॅल्युएशनमध्ये गुण वाढोत न वाढोत, त्याचा निकाल येईपर्यंत मुलगी तो पेपर पुन्हा देऊन मोकळी झालेली असे. खिडकीशी रडत आलेल्या प्रत्येकीला तुम्ही तो चतकोर देत होतात. हजेरी कमी असेल तर वेगळा चतकोर: अमुक डॉक्टर, अमुक तारखेपासूनचं सर्टिफिकेट, विभागप्रमुखांची सही. सही मिळत नसेल तर तुम्ही स्वतः जाऊन आणायचात.

एकदा तशी सही घेऊन परत आलात तेव्हा धापा टाकत म्हणालात, दोन दिवस मिनतवारी केली तेव्हा कुठे साहेब हलले. मला मिनतवारी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दिल्लीत वाढलेल्या पोरीचं मराठी, विचारलं. तुम्ही पाणी प्यायलात आणि म्हणालात, "तुला तो शब्द कसा माहीत असेल? तुमच्या पत्रकात तो नसतो. तिथे नुसती मागणी असते."

नियम तुम्ही मोडत नव्हतात. मोडता असं मी म्हटलं की तुम्हाला राग यायचा. लग्न होऊन साताऱ्याकडच्या खेड्यातून थेट दिल्लीच्या छावणीत आलेल्या तुम्ही; यजमान हवालदार. टायपिंगही तुम्ही छावणीतच शिकलात. "फौजेत हुकूम मोडत नाहीत," तुम्ही सांगायचात. "हुकूम कधीकधी उशिरा पोचतो, एवढंच."

पण आपलं भांडण मिटलं नव्हतं. दुपारी ऑफिस मोकळं झालं की मी खिडकीच्या आत येऊन बसायचे, तुमच्या डब्यातली भाकरी खायचे आणि तुमच्याशीच वाद घालायचे. माझं म्हणणं होतं की तुम्ही गळक्या छपराखाली बादल्या ठेवता, म्हणून छप्पर बदला असं कोणी म्हणत नाही. तुम्ही एकेकीला वाचवता, त्यामुळे शंभर जणी एकत्र येऊन भांडत नाहीत. तुम्हीच नसता तर हा नियम कधीच पडला असता.

तुम्ही ठेच्याचा हात पुसत विचारलंत, "आणि पडेपर्यंत पोरींनी भिजायचं?"

मी म्हणाले, काही काळ भिजावं लागतं.

"तुझं नाव कुठल्या यादीत आहे गं?"

माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. माझी फी बाबा भरत होते. मी विषय बदलला. त्या वेळी मला वाटलं, तुम्ही मुद्दा सोडून माझ्यावर घसरलात. मुद्दा तोच होता हे मला कळायला रोशनीला कॉलेज सोडावं लागलं.

आता ते पत्रक.

सहाय्य निधीच्या अटींविरुद्ध आम्ही मोठी मोहीम ठरवली होती. मजकूर मी लिहिणार होते. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही एकच गोष्ट सांगितलीत, दोनदा सांगितलीत. मागण्या काय हव्यात त्या लिही, साहेबांना काय वाटेल ते म्हण, पण माझ्या चतकोराबद्दल अक्षर लिहू नको. ते तोंडाने सांगायचं असतं. कागदावर आलं की त्याला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. मी हो म्हणाले होते.

मग मजकूर लिहायला बसले आणि मला पुरावा हवा होता. प्रशासन म्हणत होतं की अटी सैल केल्या तर गोंधळ होईल. माझ्या डोळ्यांसमोर जिवंत उदाहरण होतं की कित्येक वर्षं एका टेबलावर अटी सैल आहेत आणि काही गोंधळ झालेला नाही. उलट मुली पास होऊन बाहेर पडल्या आहेत. एवढं सुंदर सत्य खणात ठेवायचं? मी ते लिहिलं. कौतुकाने लिहिलं. तुमची पद्धत पायरीपायरीने सांगितली आणि शेवटी विचारलं की जी माणुसकी एका कर्मचाऱ्याला सुचते ती धोरणाला का सुचू नये? तुमचं नाव घातलं नाही. 'शिष्यवृत्ती विभागातील एक ज्येष्ठ कर्मचारी' असं लिहिलं, आणि आपण फार काळजी घेतली असं स्वतःला सांगितलं. तुमच्या विभागात दोनच माणसं होती, मावशी, आणि दुसऱ्याला लागून दोन महिने झाले होते.

मजकूर लांबला. करोल बागेतल्या छपाईच्या दुकानात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दोन दुकानांमधल्या त्या फटीत उभी राहून मी ठरवलं की काही कापायचं नाही, दोन्ही बाजूंनी छापायचं. आमच्या संघटनेचं ते पहिलंच दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक. मेट्रोत गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा मला वाटत होतं की आयुष्यातलं सगळ्यात खरं काम आपण केलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत आले तेव्हा ते पत्रक तुमच्या टेबलावर होतं. तुम्ही ते उलटलंत, पुन्हा सुलटं केलंत. रागावलात असं म्हणता येणार नाही. "याच्यावर आता मी लिहू कुठे?" एवढंच म्हणालात, आणि ते खणात न ठेवता टोपलीत टाकलंत.

आठ दिवसांत सगळं झालं. पत्रक निधीच्या समितीपर्यंत गेलं. समितीने विचारलं, अशी काही प्रथा आहे का? असेल तर ती बंद करण्याचं परिपत्रक काढा: रिव्हॅल्युएशन चालू असलं तरी आधीचे गुणच ग्राह्य धरायचे, आणि ज्यांच्यापुढे 'रिझल्ट अवेटेड' आहे त्या सगळ्यांची मदत याच महिन्यापासून थांबवायची. आमच्या मागण्यांवर समितीने एक शब्द काढला नाही. आमच्या पत्रकातला त्यांना उपयोगी पडला तेवढाच भाग त्यांनी वाचला.

शुक्रवारी तुम्ही मला निरोप पाठवून बोलावलंत. तुम्ही कधी बोलावत नसत, मीच यायचे. दार लावून घेतलंत आणि सांगितलंत की मोठ्या बाबूंशी बोलणं झालं आहे. शनिवारी दुपारी ऑफिस बंद व्हायच्या आत पत्रक लिहिणाऱ्यांकडून लेखी आलं की प्रथेबद्दलचा मजकूर ऐकीव होता, त्याला आधार नाही, तर मग प्रथाच नाही. प्रथा नाही तर बंद काय करायचं? परिपत्रक निघणार नाही. कागद फायलीला लागेल, संपलं.

"चार ओळी," तुम्ही म्हणालात. "सही तुझी. तुझ्या संघटनेचं नावही नको. चार ओळी लिहून दे, बाई."

मी म्हणाले, पण ते ऐकीव नव्हतं. ते खरं होतं.

"खरंच होतं. म्हणून तर खोडायचंय."

मी उभी राहिले. मला अजून आठवतं, मी उभी राहिले, जणू बसून हे बोलणं कमी पडलं असतं. मी म्हणाले, "मी खोटं लिहिणार नाही, मावशी. आज मी हे ऐकीव म्हटलं तर उद्या आमचं प्रत्येक पत्रक ऐकीव ठरेल." आणखीही बरंच बोलले. चळवळीची विश्वासार्हता, शब्दाची किंमत.  शेवटी म्हणालात की यादीत रोशनी आहे, आणि तिच्याशिवाय आणखीही आहेत ज्यांना तू ओळखत नाहीस. मग म्हणालात, उद्या बारापर्यंत विचार कर.

तुमच्या खणात त्या वेळी तुमच्या नावाची कारणे दाखवा नोटीस होती. ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर मी लिहून दिलं असतं का, असं मी आता स्वतःला विचारते. उत्तर हो आलं तरी लाज वाटते आणि नाही आलं तरी. नोटिशीचं मला परवा शोकसभेनंतर शिपायाने सांगितलं, चहा ओतता ओतता, जणू मला माहीत असणारच.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. मला शाबासकी हवी होती. बाबा टेबलावर वाटाणे सोलत होते. ते सोलत राहिले आणि म्हणाले, "लिहून दे."

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं मी. लिहून दे. मी दोनदा दिलाय माफीनामा. एकदा एका निलंबित शिपायासाठी. त्याच्या तीन पोरी होत्या."

मी विचारलं की मग हे मला कधी सांगितलं का नाही. बाबा म्हणाले, "त्याचं काय पत्रक काढायचं होतं?"

मावशी, तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही. शनिवारी सकाळी मी तत्त्वासाठी घरी बसले नव्हते. मी बाबांवर रुसून बसले होते. ज्या माणसाने मला न वाकायला शिकवलं तो दोनदा वाकला होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, याचा मला एवढा राग आला की मी खोलीचं दार लावून घेतलं. दहा वाजले, अकरा वाजले. आईने दोनदा हाक मारली. बारा वाजून गेले तेव्हा मला सुटल्यासारखंही वाटलं. सगळ्यांना मी नंतर सांगितलं की मी तत्त्वाला धरून राहिले. तुम्हालाही तेच सांगितलं.

रविवारी मी त्या चार ओळी लिहिल्या. सोमवारी घेऊन आले तेव्हा परिपत्रक फळ्यावर होतं आणि तुमच्या खिडकीत तो नवा माणूस बसला होता. त्याने माझा कागद वाचला, त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारला आणि फायलीला लावला. तो तिथे अजून असेल. माझ्या हातून लिहिलं गेलेलं पहिलं खोटं, आणि तेही कोणाच्या कामी न आलेलं.

रोशनीने हॉस्टेलची खोली सोडली त्या दिवशी मी तिच्या सामानाबरोबर बस अड्ड्यापर्यंत गेले. तिला पत्रक कोणी लिहिलं ते माहीत होतं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. रांगेत उभं असताना तिने फक्त विचारलं की मॅडमना काही त्रास तर नाही ना होणार. मी नाही म्हणाले. बस सुटताना तिने खिडकीतून मला तुमच्यासाठी एक जाडजूड करडं ब्लँकेट दिलं, वडिलांच्या गोदामातल्या सुताचं. घरून आणलेलं होतं, तुम्हाला द्यायचं राहून गेलं होतं. आता ती त्याच गोदामात आहे. स्वेटरांची बटणं आणि चेन काढून टाकायचं काम बायकांकडे असतं. तिने पुन्हा पेपर द्यावा म्हणून मी दोन वेळा फोन केला. दुसऱ्या वेळी तिने प्रेमानेच सांगितलं, "अब रहने दे, यार."

ते ब्लँकेट मी तुम्हाला तळघरातल्या भांडारात आणून दिलं. तिथे बदली केली होती तुमची: खडू, उत्तरपत्रिका, झाडू. नोटिशीचं तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत. ब्लँकेट हातात घेऊन म्हणालात, पानिपतने शेवटी काहीतरी दिलं म्हणायचं. मी रडायला लागले तर तुम्ही मला खडूंची खोकी मोजायला लावलीत.

त्या वर्षात मी भांडारात तीनदा आले. फक्त तीनदा. दर वेळी चार ओळींबद्दल बोलायचं ठरवून आले आणि दर वेळी आपण दुसरंच बोललो. सुट्टीत गावी बांधलेल्या दोन खोल्या, तिथलं पाणी, निवृत्तीला उरलेले महिने. एकदा तुम्हीच विचारलंत, आता पत्रकं कशी छापता? मी म्हणाले, एका बाजूला. तुम्ही म्हणालात, "आता कशाला? आता छाप की दोन्ही बाजूंनी. मागे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नाही." हे टोचून बोललात असं मला वाटलं आणि मी लवकर उठले. आता वाटतं, तुम्ही नुसतं खरं सांगत होतात. खरं ऐकायची सवय मला, जिने त्याचा एवढा गाजावाजा केला, तिलाच नव्हती.

सकाळी भांडार उघडायला किल्ली काढलीत आणि तिथेच खाली बसलात, असं शिपाई म्हणाला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. माफी मागायची राहिली असं मी लिहिणार नाही. तुम्ही ती कधीच देऊन टाकली होती, पहिल्याच दिवशी, ब्लँकेटच्या वेळी. मला ती घेता आली नाही, कारण घेतली असती तर मी चुकले हे मान्य करावं लागलं असतं. आणि अजूनही, मावशी, तुमच्याशी भांडायचं म्हटलं तर मी म्हणेन की तो नियम चूक आहे, ते चोरून सांभाळणं हा उपाय नव्हे, ते उघड सांगितलंच पाहिजे. यातला शब्द न् शब्द मला अजून पटतो. फक्त रोशनी पानिपतला बटणं काढते आहे आणि तुम्ही नाही, आणि नियम आहे तसाच आहे, किंबहुना आता त्याला फटही नाही. ती फट कोणी दाखवून दिली, हे फळ्यावरच्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

काल मी फळ्यापाशी उभी होते. एक मुलगी आली, नुकतीच दुसऱ्या वर्षाला गेलेली. तिने तुमची सूचना उचलली, यादी पाहिली, सूचना सोडली, पुन्हा उचलली. मग माझ्या हातातला गठ्ठा पाहून जवळ आली. तिचा एक पेपर राहिला होता. तिच्या खोलीत आधी राहणाऱ्या दीदीने तिला सांगितलं होतं की रिव्हॅल भरलं तर मदत थांबत नाही. म्हणजे तुमचं सांगणं अजून तोंडातोंडी चालू आहे, मावशी. ज्या वाटेने गेलेलं चालतं असं तुम्ही म्हणत होतात, त्या वाटेने ते वर्षभर चालत आलं होतं आणि माझ्यापाशी येऊन पोचलं होतं.

"दीदी, रुक जाएगी तो नहीं ना?" तिने विचारलं.

मी गठ्ठ्यातलं एक पत्रक काढलं, उलटं केलं, घडी घातली, चार तुकडे केले. पेनही काढलं. खिडकी पाच, असं लिहायला हात गेला आणि तिथेच थांबला. कुठलीच खिडकी लिहिण्यासारखी नव्हती.

"नियम बदल गया है," मी म्हणाले.

 कधी बदलला ते तिने विचारलं, मी गेल्या वर्षी म्हणाले. कोणामुळे ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. जाताना तिने तुमच्या सूचनेचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

रोशनीला वाचवायला मला चार ओळींचं खोटं लिहिता आलं नव्हतं. काल स्वतःला वाचवायला चार शब्द पुरले, आणि मावशी, त्यांतला एकही शब्द खोटा नाही.